अर्धा पाटा

कळंबोशी पाण्याखाली गेली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, पण अफताब मुलाण्याच्या डोक्यात ती अजून कोरडी होती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की भैरोबाच्या देवळाचा कळस आधी डोकं काढायचा, मग दीपमाळ, मग घाटाच्या पायऱ्या, आणि एखाद्या कडक साली निम्मं गाव. तसं झालं की साताऱ्याहून, कराडहून, पार पुण्याहून माणसं यायची. पाठीला पिशव्या, गळ्यात कॅमेरे. धरणाच्या कडेला, वरच्या माळावर अफताबचं पत्र्याचं घर. बाकीचं गाव सरकारनं सांगली जिल्ह्यात नेऊन वसवलं, हा एकटा मात्र मासे धरत तिथंच राहिला. त्यामुळं आलेल्या माणसांना गाव दाखवायचं काम आपसूक त्याच्याकडं आलं.

आणि दाखवायचा तरी कसा! भिंत गुडघाभर उरलेली असायची, पण हा माणूस बोलायला लागला की तिच्यावर छप्पर चढायचं. "ह्यो तात्याबा सुताराचा उंबरा. हितं बसून म्हातारा उभ्या गावाला शिव्या घालायचा आन् सांजच्याला त्याच लोकांच्या नांगराला फुकट पाचर ठोकून द्यायचा. ही रंगूबाईची चूल. हिच्या भाकरीचा वास नदीपल्याड जायचा." वीरगळ कुठला, सतीशिळा कुठली, बारवेत उतरायच्या पायऱ्या किती, सगळं तोंडपाठ. स्वतः मुलाणी, पण भैरोबाच्या पालखीचा मार्ग असा सांगायचा की जणू पुढची काठी ह्याच्याच खांद्यावर होती.

एवढा बोलका माणूस, पण ओढ्याकडच्या उतारापाशी आला की त्याची जीभ आखडायची. कुणी विचारलं, "चाचा, त्या बाजूला काय आहे?" की ठरलेलं उत्तर. "तिकडं काय न्हाई. नुसती दगडं हायत." आणि पाहुण्यांना तो दुसऱ्या अंगानं देवळाकडं वळवायचा.

तिथं कबरस्तान होतं. कळंबोशीतल्या अकरा मुसलमान घरांचं. त्यात अफताबचा बाप होता, आजा होता, आणि ओढ्याच्या अंगाला, कडेला, त्याची समीना होती. चार वर्षांची.

समीना गेली ती पाणी चढायच्या आदल्या साली. ताप आला, तिसऱ्या दिवशी मान टाकली. गाव उठणार म्हणून दवाखाना आधीच बंद झालेला, रस्ता उखडलेला. बैलगाडीतून नेता नेता पोर वाटेतच गेली. मुलाण्यांत बाया कबरस्तानात जात नाहीत, हा रिवाज. अफताबच्या बायकोनं, जीनतनं, लेकीला अंगणातून निरोप दिला आणि उंबऱ्यातच बसून राहिली. बाप्यांनी खाट उचलली तसं तिनं घरातला पाटा ओढत बाहेर आणला. रहिमतपूरच्या माहेरातून लग्नात आलेला पाटा, महिन्यापूर्वीच मधोमध तडकून दोन झाला होता. त्यातला अर्धा तिनं अफताबच्या पायाशी ठेवला.

"मला तिथं येता येत न्हाई," ती म्हणाली. "माझा पाटा तरी तिच्या उशाशी ऱ्हाऊ द्या."

अफताबनं तो अर्धा पाटा लेकीच्या उशाशी उभा रोवला. उरलेल्या अर्ध्यावर जीनतनं पुढं अठ्ठावीस वर्षं चटणी वाटली. मुलानं मिक्सर आणून दिला, त्यावर तिनं फडकं झाकून ठेवलं. अर्ध्या पाट्यावर वाटताना वरवंटा सारखा कडेवरून घसरायचा, बोटं ठेचायची, पण नवा पाटा घेऊ म्हटलं की ती नुसती बघायची.

पाणी चढल्यावर तो उतार फक्त तीनदा उघडा पडला. पहिल्यांदा दोन हजार तीनच्या दुष्काळात. अफताब गेला, पाटा जागच्या जागी होता. त्यानं फातेहा पढला, गाळ पुसला, घरी येऊन जीनतला सांगितलं, "हाय. नीट हाय." त्या रात्री ती पहिल्यांदा पोटभर जेवली. दुसऱ्यांदा सोळा साली. त्या वेळी मात्र अफताब पोचायच्या आत गुप्तधनवाले पोचले होते. लिंबू, हळद, काळी बाहुली, आणि त्याच्या आज्याची कबर कंबरभर उकरलेली. कुणीतरी उठवलं होतं की मुलाण्याच्या आज्याबरोबर सोन्याची तलवार पुरली आहे. मेलेल्या म्हाताऱ्याच्या अंगावर धड कफन नव्हतं आणि म्हणे तलवार! अफताबनं एकट्यानं खड्डा बुजवला. आणि त्या दिवशी मनाशी गाठ मारली की इथं कबरी आहेत हे ह्यापुढं कुणाला सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. हल्ली दिवस कसले आहेत हे त्यालाही कळत होतंच. कबरस्तान म्हटलं की कोण काय काढील, सांगता येत नाही. त्यापेक्षा नुसती दगडं बरी.

असं करत वाक्य तोंडात बसलं. काय न्हाई. नुसती दगडं हायत.

गेल्या साली पाऊस झाला नाही. पौषातच धरण तळाला गेलं, आणि इकडं जीनतच्या पोटातलं दुखणं वर आलं. मुलगा मतीन कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम करतो. त्यानं आईला तिकडं नेलं. अफताबही घराला कुलूप लावून गेला. चार महिने दवाखान्याच्या वाऱ्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी मतीनला बाजूला घेतलं आणि घरी न्या म्हणाले. त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला, जीनतला सगळ्यात आधी.

मेच्या शेवटाला एका दुपारी तिनं अफताबला जवळ बोलावलं. आवाज पार बसला होता.

"आवं, पाणी उतरलंय न्हवं?"

"व्हय. लय उतरलंय म्हणत्यात."

"समीनाच्या उशाची मूठभर माती आणा. मला मूठमाती द्याल तवा ती आधी टाका. मग बाकीच्यांची."

कुपवाडात ही माणसं परकी. तिथल्या कबरस्तानात दोन्ही अंगाला अनोळखी माणसं असणार. लेकीपाशी निजता येत नाही, निदान लेकीची माती तरी अंगावर पडावी, एवढंच तिचं मागणं. आयुष्यात हिनं कधी बांगडी मागितली नव्हती. अफताब दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाला.

गाडीत बसल्यावर त्याला एक फोन आठवला.

माघात कधीतरी दवाखान्याच्या जिन्यात उभा असताना वीरधवलचा फोन आला होता. हा वीरधवल साताऱ्याच्या कॉलेजात शिकवायचा, आणि सुट्टीला पोरापोरींना घेऊन उजाड गावं, पडकी देवळं, जुने घाट बघत हिंडायचा. माणूस भला. देवळात शिरताना चपला काढणारा, विचारल्याशिवाय खडाही न उचलणारा. त्यानं विचारलं होतं, "चाचा, आम्ही वीरगळ आणि घडीव दगड गोळा करून देवळापाशी ओळीनं मांडतोय, म्हणजे कुणी नेणार नाही. ओढ्याकडच्या उतारावर पण बरेच दगड उघडे पडलेत. तिथं काही आहे का? हलवले तर चालतील ना?"

त्याच वेळी आतून नर्स हाक मारत होती. जीनतला सलाईन लागत नव्हतं. आणि अफताबच्या तोंडून, नेहमीसारखं, आपसूक, ते वाक्य निघून गेलं. "काय न्हाई तिथं. नुसती दगडं हायत. न्या."

गाडी कासेगावच्या पुढं गेली तरी तो मनाला समजावत होता. माघात पाणी ओढ्यापर्यंत असणार. वरचेच दगड उघडे असतील. समीना पार खालच्या अंगाला. तिथवर कशाला कोण गेलंय?

धरणाच्या काठावर उतरला तेव्हा उन्हं चढली होती. वरूनच त्याला पिवळा पोकलेन दिसला. गाळ काढायचं काम चालू होतं. धरणातला गाळ उपसायचा, शेतकऱ्यांनी तो रानात न्यायचा, अशी योजना, आणि योजना काही वाईट नव्हे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उतारावर मुंगळ्यांसारख्या चढत होत्या. अफताब पळत सुटला. साठीचा माणूस, चिखलाच्या भेगांत पाय अडकत होते, चप्पल मागं राहिली, ती घ्यायलाही तो थांबला नाही.

उतार मोकळा होता. एक दगड म्हणून जागेवर नव्हता. बापाच्या उशाची शिळा नाही, आज्याची नाही, कुणाचीच नाही. वर वीतभर गाळाचा थर बसलेला, वाळून तडकलेला. निंबाचं खोड होतं, तेही कुणी सरपणाला नेलेलं. पोकलेननं वरच्या अंगाचं रान आधीच उकरलं होतं.

तो देवळाकडं वळला. देवळाच्या डाव्या हाताला दगडांची रांग. स्वच्छ धुतलेली, उंचीनुसार लावलेली, प्रत्येकावर पिवळ्या ऑइल पेंटनं नंबर. आधी वीरगळ, मग सतीशिळा, मग तुटके नंदी, मग नुसते घडीव दगड. सातवा त्याच्या आज्याचा. एकोणतीस नंबर बापाचा. आणि एक्केचाळीस नंबरला जीनतचा अर्धा पाटा. टाकीचे घाव अजून तसेच. त्याच्यावर हळदकुंकू वाहिलेलं, पुढं नारळाची शेंडी. सांगलीकडं गेलेल्या बाया भैरोबाला येऊन गेल्या असणार. रांगेत उभा आहे म्हणजे देव, म्हणून त्याही बिचाऱ्या हात जोडून गेल्या. खाली चिठ्ठी चिकटवलेली, प्लास्टिकमध्ये घालून. "क्र. ४१. घडीव दगड. बहुधा मंदिराच्या पायरीचा."

अफताब तिथंच फतकल मारून बसला. दगड सापडला होता, जागा गेली होती. दगड घेऊन तो काय करणार? जीनतनं पाटा मागितला नव्हता, माती मागितली होती.

गाळाच्या कामावर देखरेखीला नाथाजी होता, गाळ समितीचा अध्यक्ष. पांढरी टोपी, छत्री, खुर्ची, सगळा थाट. मनानं वाईट नाही, पण मृग आठ दिवसांवर आलेला आणि ट्रॉल्यांची रांग फर्लांगभर. अशा वेळी देव खाली उतरून आला तरी नाथाजीनं त्याला रांगेत उभं केलं असतं.

"नाथाजीराव, मशीन थांबवा," अफताब म्हणाला. "हितं कबरस्तान हाय."

नाथाजीनं छत्री बाजूला केली. "कबरस्तान? हितं? आवं चाचा, कवापासनं?"

"आज्यापंज्यापासनं. माझा बाप हाय हितं. माझी पोर हाय."

नाथाजीनं पिशवीतून एक नकाशा काढला. वीरधवलच्या पोरांनी काढलेला, गावाचा, रंगीत. देऊळ, घाट, बारव, सुताराचं घर, रंगूबाईचं घर. सगळं अफताबनं सांगितलेलं. समितीनं गाळ कुठून काढायचा ते ह्याच नकाशावरून ठरवलं होतं, म्हणजे जुन्या वास्तूंना धक्का नको. ओढ्याकडच्या उतारावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ते नाथाजीनं बोट ठेवून वाचून दाखवलं. "अवशेष नाहीत. स्थानिक माहीतगार अफताब मुलाणी यांची माहिती."

"तुमचंच नाव हाय न्हवं ह्ये?"

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते असं. अफताब सांगू लागला, गुप्तधनवाले, आज्याची कबर, भीती, म्हणून खोटं बोललो. जितकं सांगावं तितकं ते बनावट वाटत होतं, त्याच्या स्वतःच्याही कानाला. इतकी वर्षं जगाला एक सांगायचं आणि पोकलेन आला की दुसरं! मागं ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते. एकजण म्हणाला, "चाचा, ह्या वक्ताला कुणी शिकवून धाडलंय व्हय तुमाला?"

अफताबनं वीरधवलला फोन लावला. सगळं सांगितलं. मग वीरधवल म्हणाला, "चाचा, एक शब्द बोलला असतात तर आम्ही त्या जागेभोवती कुंपण घातलं असतं. एक शब्द हो." नाथाजीशी तो बोलला, कलेक्टर कचेरीत जातो म्हणाला, उद्या दुपारपर्यंत पत्र आणतो म्हणाला. नाथाजी म्हणाला, पत्र आलं की थांबवू. उद्या दुपारपर्यंत तो उतार राहणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मशीनवर ज्ञानू होता. तिशीला टेकलेला गडी, बाप कळंबोशीचाच, पाणी आलं तेव्हा हा पाळण्यात. इतका वेळ वरून ऐकत होता. त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"नाथाजीराव, चाचाच्या पोरीची तेवढी जागा सोडतो की. चार हात भुईनं कुणाचं काय अडणार हाय? चाचा, कुठं हाय ती दावा. मी भवतीनं काढतो."

नाथाजीनं मान हलवली. "एक जागा. दावा."

एक जागा. म्हणजे बाप नाही, आजा नाही, बाकीची दहा घरं नाहीत. ती माणसं सांगलीला, मुंबईला, त्यांना पत्ताही नव्हता. अफताबला हे कळत नव्हतं असं नाही. त्याच्या डोळ्यांपुढं फक्त जीनत होती, आणि मूठ. त्या क्षणी त्यानं सगळ्यांना सोडून दिलं, आणि आता हे तोंड कुणाला दाखवू, हा विचार त्याला पुढं जन्मभर पुरणार होता.

पण जागा दाखवायची कुठली? बापाच्या शिळेपासून ओढ्याकडं सात पावलं, अशी त्याची खूण. शिळाच नाही. त्यानं दीपमाळ धरली. दीपमाळेचं टोक आणि पल्याडच्या डोंगराची खिंड एका रेषेत आली की खाली बघायचं, समीना. असं निदान आठवत होतं. तो पुढं गेला, मागं आला, खिंड सरकली, पुन्हा मागं आला. उन्हात डोळे पाणावत होते, दीपमाळेच्या दोन दीपमाळा दिसत होत्या. दोनदा त्यानं जागा बदलली. ट्रॅक्टरवाल्यांनी इंजिनं बंद केली होती, आणि त्या शांततेत त्याला अजूनच काही सुचेना. अठ्ठावीस वर्षं जी जागा झोपेत सापडली असती ती जागेपणी सापडत नव्हती. शेवटी त्यानं एका ठिकाणी गुडघे टेकले आणि दोन्ही हात मातीवर ठेवले.

"हितं," तो म्हणाला. "हितंच हाय."

ज्ञानूनं काठीनं रेघ ओढली, मशीन चालू केलं. अफताब त्या चौकोनात पाय पोटाशी घेऊन बसला आणि चहूबाजूंनी भुई खाली जात राहिली. बादली भरायची, वळायची, ट्रॉलीत रिकामी व्हायची. दोन तासांत तो चार हातांच्या ओट्यावर एकटा उरला. त्यानं गाळ बाजूला सारला, खालची जुनी तांबूस माती लागली, तिची मूठ भरून रुमालात बांधली. मन थोडं हलकं झालं. सापडली, तो स्वतःला सांगत होता. सापडली.

रुमालाला गाठ मारून मान वर केली आणि त्याला समोरच्या कापात फरशी दिसली.

दहा-बारा फुटांवर, पोकलेननं उभ्या कापलेल्या भिंतीत, एक लहान फरशी आडवी बाहेर आलेली. कोपरा तुटका. तीन फरश्या त्यानं स्वतः घातल्या होत्या त्या लहानग्या खड्ड्यावर, आणि शेवटची पायाकडची, कोपरा तुटका, कारण दुसरी मिळाली नव्हती. बाकी दोन नव्हत्या. त्यांच्या खालचं काही नव्हतं. तिथं नुसता मशीनच्या दातांचा ओरखडा होता.

अफताबच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून ज्ञानूनं मशीन तिथंच सोडलं. अफताब खड्ड्यात उडी मारून उतरला होता, भिंतीची माती हातानं चाचपत होता, पण उशाकडची बाजू गेली होती, समूळ. दिसण्यासारखं तसंही काही उरलं नसणार, चार वर्षांचं लेकरू, अठ्ठावीस वर्षं पाणी. पण माती तरी होती ना तिची.

ज्ञानू काठावर उभा, टोपी हातात. "चाचा, मला काय म्हाईत..."

"ती माती कुठं गेली?"

"कवाची?"

"ही. हितली. आत्ता काढलेली."

ज्ञानूनं आठवलं. "मगाशी दोन ट्रॉल्या गेल्या. कालव्याखाली, अंजनाबाईच्या रानात."

नाथाजीनं फरशी बघितली आणि छत्री मिटून काम बंद करवलं. उतारात तेव्हा फक्त खालची एक पट्टी शिल्लक होती.

कालव्याखाली रान तीन मैल. ज्ञानूनं मोटरसायकलवर नेलं. अंजनाबाई नवऱ्याच्या मागं, म्हणजे तो फौजेत म्हणून, एकटीनं ऊस सांभाळणारी बाई, खमकी. माती उतरवून झाली होती, आणि ट्रॅक्टरनं फळी मारून ती रानभर पसरूनही झाली होती. पाऊण एकर सपाट काळं रान. त्यावर शेणखत विसकटलेलं. अफताब बांधावर उभा राहिला आणि त्याला कुठं बघावं ते कळेना.

मग तो आत शिरला. एक ढेकूळ उचललं, टाकलं. दुसरं उचललं. कुठं तांबूस रंग दिसतो का, कुठं फरशीची कपची दिसते का. वाकून वाकून तो माती चाळत होता, आणि त्याच्या ओठांवर फातेहा होता का पोरीचं नाव, ज्ञानूला बांधावरून ऐकू आलं नाही.

अंजनाबाईनं हाक मारली, "आवं चाचा, काय हुडकताय?"

"माती न्यायची हाय वाईच," तो म्हणाला. अजूनही त्याच्या तोंडातून खरं निघेना.

"मग न्या की! पोतं देऊ का?" ती मनापासून म्हणाली. "लय कसदार माती हाय. औंदा ऊस बघा कसा येतोय ते."

त्यानं मान हलवली. एका जागी तांबूस झाक वाटली, तिथली मूठभर माती घेतली. रुमालातली आधीची सोडून दिली. त्या मातीपेक्षा हिच्यात समीनाचा कण असायचा संभव जास्त, एवढाच हिशेब. वाटेत देवळापाशी थांबून त्यानं एक्केचाळीस नंबरचा दगड खांद्यावर घेतला. कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कुपवाडला पोचला. जीनत जागी होती. तिनं आधी खांद्यावरचा पाटा बघितला. इतक्या वर्षांनी ओळखायला तिला क्षण लागला नाही.

"ह्यो का आणलासा? तिच्या उशाला कोण हाय मग?"

अफताबनं पाटा भिंतीशी ठेवला, रुमाल तिच्या हातात दिला. ती गाठ तिनं स्वतः सोडली, वेळ लागला तरी. माती तळहातावर घेतली, नाकाशी नेली. तरुणपणी दुसऱ्यांच्या उसात खुरपणीला गेलेली बाई ती. तिला मातीचं काय सांगायचं?

"हिला शेणखताचा वास येतोय," जीनत म्हणाली. "ही रानातली हाय."

मतीन दारात उभा होता. अफताबनं त्याला बाहेर जायला सांगितलं नाही. खाटेपाशी खाली बसून त्यानं सगळं सांगितलं, गुप्तधनवाल्यांपासून अंजनाबाईच्या रानापर्यंत. वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं. काय न्हाई, नुसती दगडं हायत. सांगताना तो ढसाढसा रडला. जीनत रडली नाही. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तो दिवस आणि दुसरा दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. पाणीसुद्धा मतीनच्या हातानं घेतलं. मात्र मूठ तिनं उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं त्याला हाक मारली.

"मला कुठं ठेवणार हाय तुमी?"

"हितंच. कुपवाडच्या कबरस्तानात. मतीननं बघून ठेवलीय जागा. भिंतीपाशी."

"कुणाला म्हाईत हाय ती?"

"मला. मतीनला."

जीनतनं डोळे मिटले. "सगळ्यास्नी सांगून ठेवा," ती म्हणाली. "हितं जीनत हाय म्हणावं. येईल त्याला सांगा. लपवू नका मला."

ती सातव्या दिवशी गेली, मृगाच्या आदल्या सकाळी. तिच्या मुठीतली माती आधी पडली. उशाला एक्केचाळीस नंबरचा पाटा, आणि पायाशी घरातला दुसरा अर्धा, चटणी वाटून वाटून खोलगट झालेला. पिवळा रंग घासून काढू का, असं मतीननं विचारलं, तर अफताब नको म्हणाला.

तो आता कुपवाडलाच असतो. कबरस्तानाची ती भिंत रस्त्याला लागून आहे. सकाळी कामगार दुचाक्यांवरून कारखान्यांकडं जातात, तेव्हा अफताब फाटकात उभा असतो. ओळखीचा असो, अनोळखी असो, गाडी जरा हळू झाली की तो हात वर करून थांबवतो आणि भिंतीकडं बोट दाखवून सांगतो, "हितं माझी जीनत हाय. ध्यानात ठेवा बरं. पाट्यापाशी." लोक हो चाचा म्हणून निघून जातात. काहींना वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. काहींना आता ती जागा पाठ झाली आहे. समीना कुठं आहे, हे मात्र त्याला अजून कुणी विचारलेलं नाही.